दोन बोटं पडदा

मिस्त्रींचा डावा हात कायम पँटच्या खिशात असायचा. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, पुष्कळांचा असतो. पुष्कळांचा असतो तो रुबाबासाठी. मिस्त्रींचा असायचा तो जीव वाचवण्यासाठी, आणि हा फरक कळणारा माणूस आमच्या भागात शोधूनही सापडला नसता.

एकदा मीच विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "सचिव, टीव्हीच्या पाठीमागं हजारो व्होल्ट असत्यात. दोन्ही हात घातले की करंट एका हातातून शिरतो, काळजातून जातो, न् दुसऱ्या हातातून भाईर पडतो. एकच हात घातला तर हात भाजंल, पण माणूस ऱ्हाईल." मग पेचकस उचलत म्हणाले, "मला दोन लेकी हायेत."

पण सवय ती सवय. टीव्ही समोर असो नसो, हात खिशातच. केजच्या बुद्धविहारामागे राहणारा एक मेकॅनिक आमच्या गावात येतो आणि पाटलांसमोर, चेअरमनसमोर खिशात हात घालून बोलतो, हे गावातल्या बड्या मंडळींना फार लागायचं. आमच्या दूध संस्थेचे चेअरमन तर उघड म्हणायचे, "हात काढ बे खिशातून."

"काढतो की साहेब. तेवढं मशीन बंद होऊ द्या."

आणि चेअरमन उभे असेपर्यंत मिस्त्री काही मशीन बंद करायचे नाहीत.

एका लग्नात ते पाहुणे म्हणून आले होते. अंगात कोरा पायजमा, त्याला खिसाच नाही. नेमका मांडवातला ॲम्प्लिफायर बंद पडला. भटजींच्या जागी बौद्धाचार्य, वाजंत्रीवाले, वऱ्हाडी, सगळे खोळंबले. मिस्त्री काही केल्या हात लावेनात. शेवटी त्यांनी नवरदेवाच्या मामाला शेजारी उभं केलं, मामाच्या खिशात आपला डावा हात घातला आणि उजव्या हातानं ॲम्प्लिफायर चालू करून दिला. मामा नंतर वर्षभर सांगत होते, की अर्धी दुरुस्ती आपणच केली.

त्यांची दुसरी खोड म्हणजे बघणं. कुठलाही बिघडलेला सेट समोर आला की दुसरे मेकॅनिक पहिल्यांदा पेचकस काढतात. मिस्त्री सतरंजी मागायचे. सेटसमोर मांडी घालून अर्धा-अर्धा तास नुसतं त्या फाटक्या चित्राकडे बघत बसायचे. मालक घायकुतीला यायचा. "अहो मिस्त्री, उघडा की आता!"

"आधी बघू, मग उघडू," मिस्त्री म्हणायचे. "दुखतंय कुठं ते त्याला सांगू तर द्या."

आता ज्याच्यापायी पुढचं सगळं घडलं ते व्हिडिओ गेमचं मशीन आमच्याकडं कसं आलं, ते सांगतो.

सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. मी गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव. सचिव म्हणजे मोठं काही समजू नका. कुलूप उघडायचं, चेअरमन म्हणतील तिथं शिक्का मारायचा, आणि चहा सांगायचा. त्या साली दूधच आटलं. दुधाची संस्था आणि दूध नाही, मग करायचं काय? संस्थेनं तळ्याच्या काठाला जनावरांची छावणी काढली. आसपासच्या गावांतले शेतकरी गाई-बैलं घेऊन आले आणि जनावरांशेजारीच बाजा टाकून राहू लागले. तळं कोरडं ठण्ण होतं, पण तळ्याच्या पोटात पिण्याच्या पाण्याची एक विहीर होती. तिच्यावर गाव आणि छावणी दोन्ही तगून होती. तळ्यातल्या शेतीच्या सगळ्या मोटारी तहसीलच्या हुकमानं उचलल्या होत्या.

चेअरमनना मात्र नुसती छावणी नको होती, आदर्श छावणी हवी होती. एका छावणीत भजन होतं, दुसरीत टीव्ही होता. आमचे चेअरमन म्हणाले, "आपुन असं काई आणू की तहसीलदार बघतच ऱ्हाईल." घाटनांदूरला त्यांचे साडू कधीकाळी व्हिडिओ गेमचं दुकान चालवायचे. दुकान बसलं, तेव्हापासून एक मशीन त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्यात पडून होतं. ते ट्रॅक्टरमधून आलं. कपाटाएवढं लाकडी खोकं, वर टीव्हीची काच, खाली एक दांडी आणि चार बटणं. शेळ्यांनी एक बाजू कुरतडलेली. पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं केलं आणि वर पाटी लावली, 'मनोरंजन कक्ष'.

वीज जोडली तर पडद्यावरचं चित्र खालून वर धावायला लागलं. बघणाऱ्याला गरगरायचं. चेअरमननी केजहून मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री तसे संस्थेचेच. आमच्या दूध थंड करायच्या केंद्रात अकरा वर्षं हंगामी इलेक्ट्रिशियन. हंगाम कुठला ते कुणी सांगितलं नाही, पण कायम काही केलं नाही. त्या दिवशी चेअरमननी सगळ्यांसमोर शब्द दिला, "तहसीलदार तपासणीला यायच्या आत ह्यो पडदा काठोकाठ भरून दिसला पाह्यजे. दिसला की तुजी कायमची ऑर्डर. सचिव, ऐकलं न्हवं?"

मी मान हलवली. मान हलवणं हे माझं मुख्य काम.

मिस्त्री सतरंजीवर बसले. त्या पळत्या चित्राकडं त्यांनी इतका वेळ बघितलं, की शेजारी बसलेले तात्या म्हणाले, "ह्येला बी भोवळ आली वाटतं."

तात्यांची ओळख करून द्यायला हवी. सत्तरीचा म्हातारा, तीन मैलांवरून कपिली नावाची गाभण गाय घेऊन छावणीत आलेला. घरी म्हातारी एकटी, मुलगा ऊसतोडीला. कपिलीसाठी त्यांनी चारा मिळवायला जे जे करता येतं ते सगळं केलं होतं, आणि ती विण्याआधी छावणी मोडू नये एवढंच त्यांचं देवाकडं मागणं होतं. मिस्त्रींना पाठीमागून स्क्रू फिरवताना समोरचं चित्र दिसावं म्हणून काचेसमोर आरसा धरावा लागायचा. ते काम तात्यांकडं आलं. अडचण एवढीच, की आरसा धरता धरता हळूहळू तात्यांच्या तोंडाकडं वळायचा, आणि मागून मिस्त्री ओरडायचे, "तात्या, मला मिशा दिसायल्यात!"

चित्र थांबलं. गेम सुरू झाला. खाली एक विमान, वरून काय काय पडणार, आणि विमानानं ते गोळ्या घालून उडवायचं. पहिला मान तात्यांना. त्यांनी दांडी धरली आणि काहीच करेनात.

"तात्या, हाणा की!"

"कावून हाणू?" तात्या म्हणाले. "दोन वरसांत पयल्यांदा वरून काईतरी पडायलंय. पडू द्या!"

दोन दिवसांनी नवीनच तक्रार आली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात जांभळा-काळा डाग पडला होता आणि तो वाढत होता. छावणीतल्या लोकांना त्यात तक्रार वाटत नव्हती. सकाळी उठून म्हातारी माणसं शेडमध्ये डोकावायची. "ईशान्येला भरून आलंय," असं एक म्हणायचा, दुसरा म्हणायचा, "काल एवढं न्हवतं." खऱ्या आभाळाकडं बघणं त्यांनी कधीच सोडलं होतं.

मिस्त्री आले, बसले, बघितलं. मग उठून खोक्यावर ठेवलेला छावणीचा कर्णा उचलून बाहेर ठेवला. कर्ण्यातल्या लोहचुंबकानं रंग ओढला होता, म्हणाले. तारेचं एक वेटोळं काचेसमोरून गोल गोल फिरवलं आणि डाग साफ गेला.

छावणीत हळहळ पसरली. तात्या तर दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. "होता तेवढा ढग बी घालवला बाबानं," म्हणाले.

आणि मग तो तिसरा दोष निघाला. त्यानं मात्र मिस्त्रींना बेजार केलं.

आमच्या लाइनीवर वीज सकाळी दोन तास आणि दुपारी दोन ते पाच. दुपारी वीज आली की चित्र काठोकाठ भरायचं, आणि मिनिटा-दोन मिनिटांत दोन्ही बाजूंनी आक्रसायचं. डावीकडं दोन बोटं काळी पट्टी, उजवीकडं दोन बोटं. मिस्त्रींनी दोन भाग बदलले, तारा बदलल्या, आतली एक मेलेली पाल काढली. तिचा काही संबंध नव्हता, पण काढली. अंबाजोगाईहून जुना स्टॅबिलायझर आणला, तो दोन दिवस घरघरला आणि त्यानं मान टाकली. तपासणी आठ दिवसांवर आली. चेअरमन येता जाता विचारायचे, "झालं का बे? का ऑर्डर नको?"

शेवटी मिस्त्रींनी पेचकस ठेवून दिला आणि तात्यांकडून खडू मागून घेतला. जनावरांवर खूण करायचा निळा खडू. काचेवर चित्राच्या कडेला त्यांनी रेघा मारल्या. तीन दिवस, वीज असेल तोवर, ते नुसते बसून राहिले. सकाळी चित्र कुठवर, दुपारी कुठवर.

चौथ्या दिवशी मला बाजूला नेऊन म्हणाले, "सचिव, सकाळी पिण्याच्या पाण्याची मोटार चालू असते तवा लाइनीचा दाब पडतो न् चित्र एक बोट आत येतं. मोटार बंद केली की पुन्हा भरतं. बरोबर?"

"असेल."

"दुपारी ती मोटार बंद असते. मंग दोन बोटं कोण खातंय?"

मी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना. कारण कोण खातंय ते मला ठाऊक होतं. सगळ्या पंचक्रोशीत मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या होत्या आणि चेअरमनची तेवढी हिरवीगार होती. "टँकरनं जगवतोय," असं ते सांगायचे. टँकर कुणी बघितला नव्हता. मी मात्र एकदा बागेत सहीला गेलो होतो आणि ताज्या बुजवलेल्या चरावर माझा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला होता. त्या उन्हाळ्यात चिखल! मी पाय धुतला आणि गप्प बसलो.

"मिस्त्री," मी म्हणालो, "तुमची ऑर्डर मी टाइप करणार हाय. तुमी सांगून टाका, लाइनच कमजोर हाय म्हणून. खोटं बी न्हाई त्ये."

ते माझ्याकडं बघत राहिले. बिघडलेल्या सेटकडं बघायचे तसंच. मला बरं वाटलं नाही.

विहिरीचं पाणी तोवर झपाट्यानं खाली चाललं होतं. दोराला दर दोन दिवसांनी नवा तुकडा जोडावा लागत होता. तहसीलचं पत्र आलं: पाणी संपल्यास छावणी बंद करावी. ते पत्र कर्ण्यावरून मीच वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून फाटकाबाहेर जनावरांच्या व्यापाऱ्यांचे टेम्पो येऊन उभे राहिले. ते बोलायचे नाहीत काही, नुसते उभे. तात्या कपिलीला टेम्पोकडं पाठ करून बांधायला लागले. "तिला दिसाया नको," म्हणायचे. मिस्त्री हे सगळं त्या सतरंजीवरून बघत होते.

तपासणीचा दिवस. तहसीलदार दुपारी आले. चेअरमन पांढऱ्या कडक कपड्यांत. सकाळीच त्यांनी आपल्या सालगड्याला फोन करून बजावलेलं मी कानांनी ऐकलं होतं, "आज मोटार चालू करू नको. समजलं का? अजिबात चालू करायची न्हाई." म्हटलं चला, आज पडदा भरलेला राहील. मिस्त्रींची ऑर्डर निघेल, माझा जीव भांड्यात पडेल.

तहसीलदारांनी चारा बघितला, जनावरं बघितली. मनोरंजन कक्षात आले, तर दोन वाजून गेले तरी वीज नाही. चेअरमन म्हणाले, "थांबा साहेब, आपला शब्द म्हंजे शब्द हाय." सबस्टेशनला फोन लावला, कुणाची तरी आयमाय काढली, आणि पाच मिनिटांत वीज आली. पडदा झगमगला. काठोकाठ! लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमन स्वतः दांडी धरून विमान उडवायला लागले.

मिनिट गेलं असेल. दोन्ही बाजूंनी चित्र आत सरकलं. चेअरमनचं विमान काळ्या पट्टीच्या कडेला जाऊन धडकलं.

आता हे कसं झालं ते नंतर कळलं, पण आत्ताच सांगतो. आपल्याकडं शेतकरी मोटारीला एक डबी बसवतात, ऑटो म्हणतात तिला. वीज आली की मिनिटभरात मोटार आपली आपण चालू होते, माणूस लागत नाही. चेअरमननी गड्याला मोटार चालू करू नको असं सांगितलं होतं. ऑटो बंद कर, असं सांगितलं नव्हतं. गडी आज्ञाधारक, त्यानं मोटार चालू केली नाही. तो लिंबाखाली झोपला होता.

"ह्ये कावून आकसतंय बे?" चेअरमन भडकले. तहसीलदारांसमोर हसं झालं होतं. "एवढे दिवस काय झक मारली? कर दुरुस्त! आत्ताच्या आत्ता!"

मी मिस्त्रींकडं बघितलं. डोळ्यांनी हात जोडले म्हणा ना. लाइन कमजोर हाय, तीन शब्द. अकरा वर्षं त्या तीन शब्दांवर टांगलेली होती.

तहसीलदार तेवढ्यात काचेकडं वाकले. "या निळ्या रेघा कसल्या?"

मिस्त्री पुढं झाले आणि शाळेत मुलांना सांगावं तसं सावकाश सांगायला लागले. "साहेब, ही भाईरची रेघ सकाळची. पिण्याच्या पाण्याची मोटार चालली की चित्र इथवर येतं, एक बोट. ही तिच्या आतली रेघ दुपारची, दोन बोटं. मशीनमधी दोष न्हाई. म्या सगळं उघडून बघितलंय." मग चेअरमनकडं वळून अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, पिण्याची मोटार आत्ता बंद हाय न्हवं?"

"बंदच हाय! दुपारची कधीच चालू नसते. मी सोता लक्ष देतो!"

"मंग दोन बोटं कुणाची तेवढं सांगा. ती मोटार बंद करतो, पडदा लगीच भरतो. बाकी दुरुस्ती काईच न्हाई."

सगळे चेअरमनकडं बघायला लागले. मशीनमधलं विमान तेवढं पुनःपुन्हा मरत होतं. मग तात्या उठले, धोतर सावरलं आणि म्हणाले, "चला की. बघून येऊ."

सगळी छावणी तळ्यात उतरली. तहसीलदार, टेम्पोवाले व्यापारी, सगळे. विहिरीपासून पन्नास पावलांवर वाळक्या बाभळीचा ढीग होता. तो ओढला तर खाली नवी बोअर, तिच्यात पाणबुडी मोटार, पिण्याच्या पाण्याच्या मोटारीच्या विजेच्या लाइनीवर टाकलेला आकडा आणि जमिनीत गेलेला पाइप. तात्यांनी पाइपावर हात ठेवला. "थंडगार हाय," म्हणाले, आणि त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खळकन पाणी आलं. सालगडी डोळे चोळत धावत आला. "मालक, तुमी म्हणले चालू करू नको. म्या कुटं केली? ती आपूआप झाली!"

आकडा काढला. शेडमध्ये मागं राहिलेला एक जण पळत आला, ओरडत, "भरलं! भरलं! पडदा भरला!"

पाणी टिकलं. छावणी पाऊस येईपर्यंत चालली. टेम्पो रिकामे गेले. कपिलीला कालवड झाली आणि तात्यांनी पहिला खरवस डब्यात घालून केजला मिस्त्रींच्या घरी नेऊन दिला. चेअरमनचं काय, असं विचाराल. सगळं गड्यानं परस्पर केलं, असं ठरलं. चेअरमन पुढच्या निवडणुकीत बिनविरोध आले. आमच्या छावणीला आदर्श छावणीचं प्रमाणपत्रही मिळालं. ते संस्थेत माझ्या खुर्चीच्या मागं लावलं आहे.

मिस्त्री आता इकडं नाहीत. लेकींना घेऊन पुण्याकडं गेले, तिकडं कुठल्याशा कारखान्यात आहेत म्हणतात. पण जाण्याआधी एकदा संस्थेत आले होते.

त्या दिवशी मी पत्र टाइप करत होतो. केंद्रातल्या कायम इलेक्ट्रिशियनच्या नेमणुकीचं. नाव चेअरमनच्या भाच्याचं. ह्या भाच्याला फ्यूज बदलता येत नव्हता. शेवटची ओळ संपली आणि कॉम्प्युटरचा जुना डबा टीव्ही फट्‌दिशी काळा झाला. खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हटलं, आजचा दिवस तरी सुटलो. पण चेअरमन तिथंच बसले होते. त्यांनी फोन लावला, "ये बे. सचिवाचा डबा बंद पडलाय." आणि ते उठून जेवायला गेले.

तासाभरात जीपनं मिस्त्री आले. मी म्हणालो, राहू द्या, उद्या बघू, घाई नाही. ते हसले, पाठीमागं बसले आणि कामाला लागले. आतल्या सोल्डरिंगचा एक टाका सुटला होता, म्हणाले. तो डागला. पडदा हळूहळू उजळला. मी पुढं होऊन आड उभा राहणार होतो, पण माझी खुर्ची भिंतीला अडकली आणि ते फिरून समोर आलेसुद्धा.

त्यांनी ते पत्र वाचलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"अक्षरं सपष्ट दिसत्यात का, सचिव?"

"दिसतात," मी म्हणालो.

"मंग छापून घ्या. लाइट कवा जाईल, नेम न्हाई."

मी छापलं.